४७ गुंठ्यांचा ताळेबंद

क्षेत्र ०.४८ हेक्टर, म्हणजे आपल्या मापात साधारण ४७ गुंठे. तेवढ्या जागेतून गोळा झालेले जीव १,२९,४९४. त्यांतल्या जाती ६,१४४. संशोधक १०२, देश २१. जंगलातलं काम २००३ आणि २००४ मध्ये उरकलं. पकडलेले किडे वेगळे करून, ओळखून, मोजायला पुढची आठ वर्षं गेली.

हा ताळेबंद पनामातल्या सॅन लोरेन्झो जंगलाचा आहे. ईव्ह बासे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो डिसेंबर २०१२ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात मांडला. मोजणी फक्त संधिपाद प्राण्यांची होती, म्हणजे किडे, कोळी, गोमी, माइट आणि त्यांचे भाऊबंद. पक्षी, साप, माकडं यात नाहीत. ४७ गुंठेही सलग नव्हते. प्रत्येकी २० मीटर लांब आणि २० मीटर रुंद असे १२ चौकोन जंगलात वेगवेगळ्या ठिकाणी आखले होते.

हे जंगल पनामा कालव्याच्या कॅरिबियन समुद्राकडच्या तोंडाशी आहे. तिथवर रस्ता जातो. मग याला दुर्गम कसं म्हणायचं? वर्षावनाचा दुर्गमपणा नकाशावर आडवा मोजून भागत नाही, तो उभाही मोजावा लागतो. जमिनीवरून मान वर करणाऱ्याला पानांच्या खालच्या बाजू दिसतात, आणि किड्यांचं निम्मं राज्य तर वर शेंड्यांवर असतं. म्हणून या मोहिमेत क्रेन आणली, हेलियमचा फुगा आणला, दोर आणि शिड्या लावल्या. खाली पालापाचोळा चाळला, कुजक्या लाकडातले किडे काढले, दिव्याचे आणि चिकट सापळे लावले. जमिनीतल्या मातीपासून झाडाच्या टोकापर्यंत एकाच वेळी, एकाच शिस्तीत मोजणी करण्याचा एवढा मोठा खटाटोप त्याआधी झाला नव्हता.

यातला मोठा आकडा ६,१४४ नाही. ६,००० हेक्टरच्या त्या अख्ख्या राखीव जंगलात संधिपादांच्या सुमारे २५,००० जाती असाव्यात, हा त्यांचा निष्कर्ष मोठा आहे. त्या जंगलातल्या दर एका सस्तन जातीमागे ३१२ संधिपाद जाती, आणि दर एका पक्ष्यामागे ८३. पण पाहिल्या ६,१४४ आणि सांगितल्या २५,०००. मधल्या जवळपास १९,००० जाती कुणाच्या हाती लागल्याच नाहीत, मग त्या मोजल्या कशा?

याचं उत्तर फुलपाखरांपासून सुरू करावं लागतं. स्टीव्हन कॉर्बेट नावाच्या कीटकतज्ज्ञाने ब्रिटिश मलायात फुलपाखरं जमवली होती. त्याच्या वहीत एकच नमुना मिळालेल्या जाती ११८ होत्या, दोन नमुने मिळालेल्या ७४, तीन मिळालेल्या ४४, चार मिळालेल्या २४, आणि पुढे अशीच उतरंड. १९४३ मध्ये संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर, कॉर्बेट आणि सी. बी. विल्यम्स यांनी मिळून या आकड्यांवर निबंध लिहिला. त्यामागचा प्रश्न व्यवहारी होता: आणखी तेवढाच काळ तिथे जाळं फिरवलं, तर नव्या जाती किती मिळतील?

१९५६ मध्ये गुड आणि टुलमिन या दोन अभ्यासकांनी यासाठी एक सूत्र दिलं. ते इतकं सोपं आहे की पहिल्यांदा पाहणाऱ्याला त्यात काहीतरी चलाखी वाटते. एकदा दिसलेल्या जाती घ्या, त्यातून दोनदा दिसलेल्या वजा करा, तीनदा दिसलेल्या मिळवा, चारदा दिसलेल्या वजा करा, असं शेवटपर्यंत करत जा. ११८ उणे ७४ अधिक ४४ उणे २४ अधिक २९ उणे २२... कॉर्बेटचे चोवीसही आकडे असे घातले की उत्तर येतं ७५. दुप्पट मेहनतीला सुमारे ७५ नवी फुलपाखरं.

पुढे १९८४ मध्ये ॲन चाओ या तैवानच्या संख्याशास्त्रज्ञ बाईंनी वेगळा प्रश्न घेतला: मेहनत कितीही वाढवली तरी न दिसलेल्या जाती निदान किती असतील? त्यांचं सूत्र आणखी आखूड आहे. एकदा दिसलेल्या जातींचा वर्ग करा आणि दोनदा दिसलेल्यांच्या दुपटीने भागा. ११८ चा वर्ग १३,९२४. भागिले १४८. उत्तर ९४. म्हणजे कॉर्बेटच्या जाळ्यातून निसटलेल्या जाती कमीत कमी ९४.

यामागचा विचार असा. एखाद्या ठिकाणी जवळजवळ सगळ्या जाती पाहून झाल्या असतील, तर प्रत्येक जात वहीत पुन्हा पुन्हा येते आणि एकुलत्या एक नमुन्यांची यादी आटत जाते. ही यादी लांबच राहिली, तर जंगलात अजून बरंच शिल्लक आहे. न दिसलेल्यांचा माग एकदाच दिसलेल्यांवरून लागतो. म्हणून मोहिमेच्या अहवालात 'एकूण किती जाती' यापेक्षा 'एकच नमुना मिळालेल्या किती' हा रकाना मी आधी शोधतो. बातम्यांमध्ये तो कधीच नसतो.

वर्षावनात हा रकाना नेहमी फुगलेला असतो, कारण तिथे विरळ असणं हीच रीत आहे. किड्यांचं सोडा, झाडंसुद्धा तशीच. ॲमेझॉनच्या खोऱ्यात १,१७० ठिकाणी आखलेल्या चौकोनांतली झाडं मोजून २०१३ मध्ये हान्स तेर स्टेगे आणि शंभराहून अधिक सहकाऱ्यांनी अंदाज दिला: एकूण झाडं ३९,००० कोटी, जाती सुमारे १६,०००. त्यांतल्या फक्त २२७ जातींनी निम्मी झाडं व्यापलेली. दुसऱ्या टोकाला सर्वांत दुर्मीळ ११,००० जाती. त्या सगळ्यांची मिळून झाडं अवघी ०.१२ टक्के. कुऱ्हाडीने वाट काढत महिनाभर चालणाऱ्याला त्या २२७ जाती पुन्हा पुन्हा भेटतील. त्या ११,००० पैकी मूठभर दिसल्या तरी नशीब. झाड तर एका जागी उभं असतं. उडणाऱ्या, लपणाऱ्या, रात्रीच बाहेर पडणाऱ्या किड्याची गोष्टच वेगळी.

आता ३ कोटींच्या हिशेबाकडे वळू. या विषयातला हा सर्वांत गाजलेला आकडा.

१९८२ मध्ये टेरी अर्विन या स्मिथसोनियन संस्थेच्या भुंगेरेतज्ज्ञाने 'द कोलिऑप्टरिस्ट्स बुलेटिन' नावाच्या, भुंगेऱ्यांच्या अभ्यासकांखेरीज फारसं कुणी न वाचणाऱ्या नियतकालिकात दोन पानांचा लेख लिहिला. निमित्त होतं वनस्पतिशास्त्रज्ञ पीटर रेव्हन यांनी विचारलेल्या प्रश्नाचं: पनामातल्या जंगलात भुंगेऱ्यांच्या आणि इतर किड्यांच्या जाती असतील तरी किती? अर्विनकडे उत्तरासाठी १९ झाडांची माहिती होती. झाडं एकाच जातीची, लुएहिया सीमानी. पावसाळ्यात डासांसाठी नगरपालिकेची गाडी जसा धूर सोडत जाते, तसा कीटकनाशकाचा धूर त्याने या झाडांच्या शेंड्यांमध्ये सोडला आणि खाली पडलेलं सगळं गोळा केलं. वेगवेगळ्या ऋतूंत हे केलं. भुंगेऱ्यांच्या जाती निघाल्या सुमारे १,२००.

पुढचा हिशेब मुळातून पाहण्यासारखा आहे. अर्विनने भुंगेऱ्यांचे खाण्यावरून चार गट केले. पानं, लाकूड, बिया असं झाडाचंच खाणारे ६८२. इतर किडे खाणारे २९६. बुरशी खाणारे ६९. कुजकं-मेलेलं खाणारे ९६. मग प्रत्येक गटातले किती भुंगेरे फक्त याच झाडावर राहत असतील, याचा अंदाज धरला: पहिल्या गटात २० टक्के, दुसऱ्यात ५, तिसऱ्यात १०, चौथ्यात ५. गुणाकार करून बेरीज केली तर १३६.४ अधिक १४.८ अधिक ६.९ अधिक ४.८, म्हणजे १६२.९. त्याने १६३ धरले. या एका झाडाच्या हक्काचे भुंगेरे १६३.

उष्णकटिबंधात झाडांच्या जाती किती? त्याने ५०,००० धरल्या. १६३ गुणिले ५०,००० बरोबर ८१,५०,०००. एवढ्या भुंगेऱ्यांच्या जाती नुसत्या शेंड्यांवर. संधिपादांत भुंगेऱ्यांचा वाटा ४० टक्के धरला, तर शेंड्यांवरचे एकूण संधिपाद सुमारे २ कोटी. शेंड्यांवर जेवढ्या जाती त्याच्या निम्म्या जमिनीलगत धरल्या, तर आणखी १ कोटी. बेरीज ३ कोटी.

त्या वेळी जगातल्या सगळ्या सजीवांच्या नाव दिलेल्या जाती १५ लाखांच्या आसपास होत्या. त्या आकड्याला या दोन पानांनी वीसने गुणलं. पुढची अनेक वर्षं जंगलतोडीवरच्या भाषणांत, पाठ्यपुस्तकांत, संयुक्त राष्ट्रांच्या बैठकांत ३ कोटी हा आकडा फिरत राहिला, आणि बहुतेक ठिकाणी त्याच्या पोटातली १९ झाडं गळून गेली. अर्विनला मात्र याचा दोष देता येत नाही. प्रत्येक पायरी त्याने उघडी ठेवली होती. खोडून काढता यावं म्हणूनच मांडलेला हा हिशेब होता. असा हिशेब मांडायला धाडस लागतं, आणि नुसत्या याद्या छापणाऱ्या कितीतरी मोहिमांपेक्षा तो विज्ञानाला जास्त उपयोगी पडला.

पुढे प्रत्येक पायरी तपासली गेली. ५०,००० झाडांचा अंदाज कच्चा वाटत होता, पण तो टिकला. २०१५ मध्ये फेरी स्लिक यांच्या गटाने उष्णकटिबंधातल्या झाडांच्या जाती ४०,००० ते ५३,००० दरम्यान असल्याचं दाखवलं. कोसळला तो २० टक्क्यांचा आकडा, आणि तो कोसळला पनामापासून खूप दूर, पापुआ न्यू गिनीत.

तिथे मडांग गावाजवळ चेक कीटकतज्ज्ञ व्होयतेख नोवोत्नी आणि सहकाऱ्यांनी धुराचा मार्ग सोडला. धुराने पडलेला भुंगेरा त्या झाडावर जेवत होता की नुसता टेकला होता, हे कळत नाही. म्हणून त्यांनी ५१ जातींच्या झाडांवरच्या अळ्या आणि किडे हाताने गोळा केले आणि त्यांना तीच पानं खायला घालून पाहिली. खाल्लं तरच नोंद. जंगलातलं बरंच काम गावांतल्या प्रशिक्षित माणसांनी केलं, आणि त्याला वर्षं लागली. पान खाणाऱ्या ९०० हून अधिक जातींचा हिशेब २००२ मध्ये 'नेचर' मध्ये आला. बहुतेक किडे एकाच झाडाला चिकटून नव्हते. जवळच्या नात्यातली अनेक झाडं त्यांना चालत होती. नात्याने अगदी दूरच्या झाडांवरच्या किड्यांतसुद्धा साधारण एक तृतीयांश जाती सामाईक निघाल्या. हा आकडा अर्विनच्या साखळीत घातल्यावर ३ कोटींचे झाले ४० ते ६० लाख.

पुढे साखळीतल्या प्रत्येक अंदाजाला त्याची अनिश्चितता जोडून संगणकावर हजारो वेळा गुणाकार केले गेले. २०१० मधल्या अशा एका अभ्यासात उष्णकटिबंधातल्या संधिपादांचा मधला अंदाज एका पद्धतीने ३७ लाख आणि दुसऱ्या पद्धतीने २५ लाख आला. ३ कोटी किंवा त्याहून जास्त असण्याची शक्यता एक लाखात एकाहूनही कमी निघाली. २०१५ मध्ये नायजेल स्टॉर्क आणि सहकाऱ्यांनी चार वेगळ्या वाटांनी जगभरचे अंदाज काढले: भुंगेरे १५ लाख, सगळे कीटक ५५ लाख, जमिनीवरचे संधिपाद ६८ लाखांच्या आसपास. आज नाव असलेले कीटक सुमारे १० लाख आहेत.

आकडा ३ कोटींवरून ५५ लाखांवर आला म्हणून जंगल गरीब झालं, असं काहींना वाटलं. संवर्धनाच्या बाजूच्या काही मंडळींना तो उतरलेला आवडलाही नाही. मला हा हट्ट कळत नाही. ५५ लाखांतले ४५ लाख अजून बिननावाचे असतील, तर अज्ञान पुरेसं मोठं आहे. ते फुगवायची गरज नाही.

जाळं कुणाच्या हातात आहे, यावरही आकडा ठरतो. निसर्गअभ्यासक आल्फ्रेड रसेल वॉलेस १८५४ ते १८६२ अशी आठ वर्षं मलाय द्वीपसमूहात फिरला, सुमारे १४,००० मैल, साठ-सत्तर वेगवेगळ्या प्रवासांत. त्याचा हिशेब त्याने स्वतः छापला आहे: सस्तन ३१०, सरपटणारे १००, पक्षी ८,०५०, शंख-शिंपले ७,५००, फुलपाखरं आणि पतंग १३,१००, भुंगेरे ८३,२००, इतर कीटक १३,४००. एकूण १,२५,६६० नमुने. आठ वर्षांच्या दिवसांनी भागलं तर रोज ४३. आजारपण, होडीतले आठवडे आणि मुसळधार पाऊस धरूनसुद्धा.

या यादीत भुंगेरे ६६ टक्के आहेत. म्हणून त्या बेटांवरचे दोन तृतीयांश जीव भुंगेरे होते, असं म्हणता येणार नाही. भुंगेरे वाळवून टिकतात, खोक्यात हजारांनी मावतात, आणि लंडनमध्ये त्याचा दलाल सॅम्युअल स्टीव्हन्स ते संग्राहकांना विकत असे. वॉलेसचं पोट त्यावर चालत होतं. ३१० सस्तन आणि ८३,२०० भुंगेरे या प्रमाणात बाजारही मोजला गेला आहे.

त्याच्या सर्वांत भरघोस दिवसांची गोष्ट तर आणखी बोलकी. सारावाकमध्ये पहिल्या चार महिन्यांत त्याला भुंगेऱ्यांच्या ३२० जाती मिळाल्या होत्या. मार्च १८५५ मध्ये तो सिमुंजान नदीकाठच्या कोळशाच्या खाणीजवळ राहायला गेला आणि पंधरा दिवसांच्या आत हा आकडा दुप्पट झाला. सरासरी रोज २४ नव्या जाती. एका दिवशी ७६ प्रकारचे भुंगेरे हाती आले आणि त्यांतले ३४ त्याच्यासाठी नवे होते. बोर्निओत त्याने जमवलेल्या सुमारे २,००० जातींपैकी शंभरेक सोडल्या तर बाकी सगळ्या या एका ठिकाणच्या, जेमतेम एक चौरस मैलातल्या. आणि कारण? खाणीसाठी आणि रुळांसाठी तिथे जंगल तोडणं चालू होतं. पडलेली खोडं, सुकणाऱ्या फांद्या, साली, भुसा यांवर लाकूड पोखरणारे भुंगेरे आजूबाजूच्या जंगलातून धावून आले. खाणीवरचे चिनी आणि डायाक मजूर किडे आणून देत आणि वॉलेस दर किड्यामागे एक सेंट देई. मेजवानी मोडणाऱ्या जंगलाची होती. वॉलेसने हे स्वतःच नोंदवून ठेवलं आहे, पण आकडे उद्धृत करणारे ते बहुतेकदा गाळतात.

पक्ष्यांच्या बाबतीत मात्र स्थानिक माणसाचं मोजमाप शास्त्रज्ञाच्या तोडीस तोड उतरतं, आणि याचाही आकडा आहे. १९२८ मध्ये पक्षितज्ज्ञ अर्न्स्ट मायर न्यू गिनीच्या आर्फाक डोंगरात गेला. त्याने पक्ष्यांच्या १३७ जाती ओळखल्या. तिथल्या लोकांकडे त्यांना १३६ नावं होती. किड्यांसाठी असं प्रमाण सहसा मिळत नाही. जे खाल्लं जातं, ज्याची पिसं डोक्यात खोवली जातात, त्याची मोजणी पिढ्यान्‌पिढ्या झालेली असते. पालापाचोळ्यातल्या दोन मिलिमीटरच्या भुंगेऱ्याकडे बघायला कुणाला सवड असणार?

याच बेटाच्या इंडोनेशियाच्या बाजूला फोजा डोंगर आहेत. डिसेंबर २००५ मध्ये ब्रूस बीहलर यांच्या नेतृत्वाखाली एक मोहीम हेलिकॉप्टरने तिथल्या एका दलदलीच्या मोकळ्या जागेत उतरली. फेब्रुवारी २००६ मध्ये जगभर बातम्या झळकल्या: बेडकांच्या २० हून अधिक नव्या जाती, ४ नवी फुलपाखरं, ५ नवे ताड, मधपक्ष्याची एक नवी जात. त्यातल्या मधपक्ष्याचं नशीब चांगलं. पक्ष्यांचे अभ्यासक भरपूर, नव्या पक्ष्याचं अप्रूप मोठं. २००७ मध्ये त्याला मेलिपोटिस कॅरोली हे नाव मिळालं.

बेडकाचं तसं नसतं. २००८ मध्ये त्याच डोंगरात पुन्हा गेलेल्या मोहिमेत छावणीतल्या तांदळाच्या पोत्यावर नाकाला लांब टोक असलेला एक झाडबेडूक बसलेला सापडला. २०१० मध्ये तो 'पिनोकियो बेडूक' म्हणून वर्तमानपत्रांत गाजला. शास्त्रीय नाव, लिटोरिया पिनोकियो, मिळालं २०१९ मध्ये. सापडल्यापासून अकरा वर्षं.

ही दिरंगाई वाटत असेल तर एक आकडा पाहा. फ्रेंच संशोधकांनी २००७ मध्ये वर्णन झालेल्या नव्या जातींतल्या ६०० निवडल्या आणि त्यांचा पहिला नमुना कधी गोळा झाला ते तपासलं. संग्रहालयाच्या कपाटातला सरासरी मुक्काम निघाला २०.७ वर्षं. निम्म्या जातींना १२ वर्षांहून जास्त थांबावं लागलं. म्हणजे तो बेडूक वेळेवर पोचला, असंच म्हणायला हवं. 'मोहिमेत ३० नव्या जातींचा शोध' या मथळ्याचा खरा अर्थ असा असतो की ३० जीव नव्या जातींचे असावेत असं तिथल्या जाणकारांना वाटतं. पुढे कुणीतरी जुने नमुने मागवणार, दोन खंडांतल्या संग्रहालयांत जाऊन दात, खवले, नरांची जननेंद्रियं ताडून पाहणार. मग तीसचे कधी अठरा होतात, कधी चाळीस. ती बातमी होत नाही, कारण तोवर मोहीम विसरली गेलेली असते आणि बहुधा तिचा निधीही संपलेला असतो. हेलिकॉप्टरला पैसे देणारे मिळतात. सूक्ष्मदर्शकापुढे आठ वर्षं बसणाऱ्याच्या पगाराला देणारे शोधावे लागतात.

किती जणांनी किती वर्षं बसावं लागेल, याचाही हिशेब झालेला आहे. २०११ मध्ये कॅमिलो मोरा आणि सहकाऱ्यांनी पृथ्वीवरच्या पेशीकेंद्रक असलेल्या सजीवांच्या जाती ८७ लाख मोजल्या. त्यांत १३ लाख इकडे-तिकडे. तेव्हा नोंद असलेल्या होत्या १२ लाख. उरलेल्यांची नोंद तेव्हाच्या गतीने करायची, तर त्यांच्या मते १,२०० वर्षं, ३,०३,००० वर्गीकरणतज्ज्ञ आणि ३६,४०० कोटी डॉलर लागतील. यातली गती त्यांनी वर्षाला सुमारे ६,२०० जाती अशी धरली होती. इतर मोजण्यांत ती १८,००० च्या आसपास येते. ती धरली तर १,२०० वर्षांची सव्वाचारशे होतात. एका गृहीतकाने पावणेआठशे वर्षं वाचतात, यावरून अशा अंदाजांना किती जोराने धरायचं ते ठरवावं.

जंगल मात्र त्या गतीने थांबून राहत नाही. मेरीलंड विद्यापीठाच्या उपग्रह-नोंदींनुसार २०२४ मध्ये उष्णकटिबंधातलं ६७ लाख हेक्टर आदिम जंगल गेलं. आदल्या वर्षी गेलेलं ३७ लाख हेक्टर होतं. वाढीचं मोठं कारण आगी. ६७ लाख हेक्टरला वर्षातल्या मिनिटांनी भागलं तर मिनिटाला पावणेतेरा हेक्टरच्या जवळ येतं. सॅन लोरेन्झोत १०२ माणसांनी दहा वर्षं खपून मोजलेली जागा या वेगाने सव्वादोन सेकंदांत संपते. त्या सव्वादोन सेकंदांत ६,१४४ जाती नष्ट होतात असं यातून काढू नये. सॅन लोरेन्झोच्याच अभ्यासात असंही निघालं की एका हेक्टरमध्ये त्या जंगलातल्या ६० टक्क्यांहून जास्त संधिपाद जाती असतात, म्हणजे बहुतेक जाती शेजारच्या हेक्टरमध्येही असतात. पापुआ न्यू गिनीत नोवोत्नींच्या गटाला २००७ मध्ये ७५,००० चौरस किलोमीटरच्या सलग सखल जंगलातही असंच दिसलं: शेकडो किलोमीटर चाललं तरी पान खाणाऱ्या किड्यांची यादी फारशी बदलत नाही. सलग जंगलाचा तुकडा गेला तरी बाकीचं जंगल जाती धरून ठेवतं. शेवटचे तुकडे जातात तेव्हा तसं होत नाही. पण ही उदारता सखल प्रदेशातली. फोजासारख्या एकट्या डोंगरमाथ्यांवर ती गृहीत धरता येत नाही.

दरम्यान मोजण्याचं हत्यारच बदललं. कोस्टा रिकाच्या ग्वानाकास्ते भागात डॅनियल जॅन्झेन, विनी हॉलवॉक्स आणि स्थानिक मदतनीस अनेक दशकं जंगलातून अळ्या आणून वाढवत आहेत. १७७५ पासून एकच जात म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका फुलपाखराचे, ॲस्ट्राप्टेस फुल्गेरेटरचे, ४८४ नमुने २००४ मध्ये डीएनएच्या छोट्या तुकड्यावरून तपासले. पंख सारखे, पण अळ्या वेगळ्या, खायची झाडं वेगळी, आणि डीएनएवरून जाती निघाल्या दहा. नोवोत्नींनी खाली आणलेला आकडा या वाटेने पुन्हा वर चढू शकतो, कारण अनेक झाडं खाणारा एक किडा हा मुळात एकेक झाड खाणाऱ्या चार किड्यांचा घोळका असू शकतो. या दहांवरही पुढे वाद झाला, आणि नेमक्या किती यावर एकमत नाही.

वेगाचा प्रश्नही याच ठिकाणी धसाला लागला. २०२१ मध्ये तिथल्या परजीवी गांधीलमाश्यांच्या ४०३ नव्या जाती एकाच निबंधात जाहीर झाल्या. बहुतेकांचं वर्णन म्हणजे एक छायाचित्र आणि डीएनएची साखळी. जुन्या शिस्तीच्या वर्गीकरणतज्ज्ञांनी यावर कडक टीका केली: पायांची, पंखांवरच्या शिरांची वर्णनं नाहीत, मग ज्याच्याकडे प्रयोगशाळा नाही त्याने शेतातली माशी ओळखायची कशी? लेखकांचं म्हणणं होतं की जुन्या रीतीने चाललो तर जंगल आधी संपेल. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. पण मला त्या निबंधात जास्त मोलाचा वाटतो तो ४०३ शेजारचा दुसरा आकडा. या माश्या दुसऱ्या किड्यांच्या अळ्यांमध्ये वाढतात. त्यांतल्या २१९ जाती कोणत्या अळीत वाढतात याची नोंद सोबत दिली आहे, कारण ती अळी कुणीतरी झाडावरून काढून, घरी नेऊन, रोज पानं घालून वाढवली होती. उरलेल्या १८४ जातींसमोरचा तो रकाना निबंधात रिकामा आहे.